गल्ल्यावर कोण बसणार

माझ्या धाकट्या जावेचं, सरिताचं, कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी लपवत नाही. लपवायचं तर तोंड बंद ठेवावं लागतं, आणि ते मला कधी जमलं नाही.

वैशाखऱ्याला माळशेजच्या रस्त्यावर आमची खानावळ आहे. ती काढली आमच्या सासूबाईंनी, बाईजाबाईंनी. आधी ट्रकवाले जेवायचे, मग घाटात फिरायला जाणारे थांबायला लागले, आणि दोन हजार सालानंतर मुरबाडच्या एका कारखान्याचे डबे मिळाले. हाताखाली वाडीवरची ठमी, गावातली लहानी आणि आणखी चार-पाच बायका. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "औंदा भाताची आवणी झाली का एकीला गल्ल्यावर बसवते. कोनाला, ते बघू."

बघायचं काय त्यात? थोरली मी. मी या घरात आले तेव्हा सरिता सापगावात नाक पुसत शाळेत जात होती. आणि गल्ला म्हणजे नुसता पैशाचा डबा नव्हे. तिथं जी बसेल तिचा शब्द चालणार, दुसरीनं तिच्या हुकमानं भाकऱ्या थापायच्या. सरिताच्या हुकमानं मी? त्यापेक्षा चूल लिंपून माहेरी गेले असते.

त्याच उन्हाळ्यात शहापूरच्या एका संस्थेनं बायकांसाठी शिबिर ठेवलं, यशस्वी उद्योजिकेच्या अंगचे गुण शिकवायला. आमच्याकडून एकीलाच बोलावणं होतं. सरिताला जायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणूनच मी म्हटलं, "मी जाते."

शिबिराच्या मॅडम चांगल्या बोलत होत्या. आत्मविश्वास पाहिजे, शिस्त पाहिजे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. "मालकिणीनं प्रत्येक काम स्वतः करायचं नसतं, करून घ्यायचं असतं," हे त्यांचं वाक्य मला फार आवडलं. दुसऱ्याचं ऐकून घेण्याविषयीही त्या बराच वेळ बोलल्या म्हणे. पण तेव्हा मी शेजारच्या बाईला सरिताविषयी सांगत होते.

परत आले ती शिस्त घेऊनच. कुणी उशिरा आली की डोळ्यांत बघून बोलायचे. आवणी तोंडावर आली तसं मी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "डबा बंद ठेवता येनार नाय. आवणीत कोनाला सुट्टी नाय. जिला जायचंय तिनं परत यायचं नाय."

आता आमच्याकडं भाताची रोपं लावायला मजूर कोण सांगतो? सावड असते. आज तू माझ्या खाचरात वाक, उद्या मी तुझ्या. पण डबे सुरू झाल्यापासून मी कुणाच्या चिखलात पाय घातला नव्हता, आणि शिबिरातून आल्यावर तर तो विषयच संपला होता. बायका माझ्याशी भांडल्या नाहीत. ठमी एवढंच म्हणाली, "बरं वयनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी एकही नव्हती. सरितासुद्धा नव्हती. मी एकटी पीठ मळतेय, सासूबाई गुडघे धरून वाल सोलताहेत, आणि टेम्पोवाल्याची यायची वेळ झालेली. शिस्त वगैरे सगळं विसरून मला रडू येत होतं.

तेवढ्यात सरिता आली. गुडघ्यापर्यंत चिखल, मागं लहानी आणि दोघी. "ताई, अर्ध्या इथं, अर्ध्या शेतावर, असं लावलंय. दुपारी बदलतील. ठमीचं खाचर आधी घेतलं, तिचं रोप पिवलं पडत व्हतं."

डबे वेळेवर गेले. सासूबाई वालाच्या साली झटकत म्हणाल्या, "उंटावरून शेळ्या हाकून खानावळ नाय चालत गो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिबिराला मी गेले आणि गुण हिला आले!

शेतावर सरिता माझ्याविषयी काय बोलली, ते मी लहानीला खोदून खोदून विचारलं. काहीच बोलली नव्हती. चार वाईट शब्द बोलली असती तर धरून भांडता तरी आलं असतं.

आवणी संपत आली. बहुतेकांची शेतं हिरवी झाली, आम्हा दोघी जावांचं राहिलं होतं. वाटण्या झालेल्या, मधे एक बांध, अलीकडं आमचं, पलीकडं सरिताचं. माझे मालक महिपत माणसं बघायला गावभर फिरले. जो तो आपली सावड फेडण्यात गुंतलेला, आणि आमची सावड कुणाकडंच नव्हती. पैसे देतो म्हटलं तरी कुणी येईना.

सरिताच्या खाचरात मात्र सगळ्या आल्या. मी बांधावर गवत उपटत बसले. गवत कसलं, मी त्यांच्याकडंच बघत होते. जेवणवेळेच्या आत त्यांनी पलीकडची बाजू संपवली. लहानी हात धुवायला वळली, तशी सरिता म्हणाली, "बांध वलांडा गो. ताईंचं बी रोप म्हातारं व्हतंय."

लहानीनं माझ्याकडं बघितलं, मग सरिताकडं बघितलं आणि बांध ओलांडला. तिच्यामागून सगळ्या आल्या. मी कितीदा डोळ्यांत बघून हुकूम सोडले होते, एकही हलली नव्हती. हिनं कंबर सरळ करता करता एक वाक्य टाकलं. त्या वेळी मला तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. आणि पदर खोचून मी त्यांच्या रांगेत वाकले, कारण रोप माझं होतं.

संध्याकाळी सासूबाई काठी टेकत चहाची किटली घेऊन आल्या. गल्ल्याचं त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं.

पाय धुता धुता सरिता मला म्हणाली, "ताई, उद्या लहानीच्या वरच्या खाचरात तुमी जाल ना? आपल्यावर तिची सावड झाली. डब्यांचं मी बघते."

सासूबाई किटलीत किती चहा उरलाय ते बघायला लागल्या.

"जाईन," मी म्हणाले.

सरितानं नुसती मान हलवली. मेलीनं मानसुद्धा अगदी मालकिणीसारखी हलवली.