नानाजींच्या ओट्यावरची पाळी

मी अडकित्ता बोलतोय. पितळी मुठी, पोलादी पातं आणि स्वभाव तिखट. धंतोली मोहल्ल्यात नानाजींच्या ओट्यावर माझी जिंदगी गेली.

नानाजींच्या वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. मी ज्याच्या हातात, बोलायची पाळी त्याची. त्याची सुपारी कातरून होईस्तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. रोज संध्याकाळी नानाजी आणि शेजारचा मुकुंद वकील मला आळीपाळीनं हातात घेऊन भांडत.

मुकुंद म्हणे, "यमुले तिचा नवरा तिले निवडू द्या, नानाजी. ज्याचं आयुष्य त्याचं. अन् सरकार चुकलं तर कोणीबी विचारावं, असं काहून केलं म्हणून."

यमु म्हणजे नानाजींची लेक. तिचं नाव निघालं की नानाजींचे कान लाल व्हायचे, पण पाळी येईपर्यंत गप्प. मग मला घेऊन कराकरा सुपारी कातरत. "माणूस एकटा पैदा होते का गा? मागं घर असते, रीत असते. सगळ्यायले मोकळं सोडलं तर घराची धर्मशाळा होईन!"

मला मोठी मजा यायची.

पंचाहत्तर साली आणीबाणी लागली. त्याच हप्त्यात गल्लीतला चंद्रभान ओट्यावर येऊन बसू लागला. सुपारी घेईना, बोलेना, नुसता ऐके. इथलं बोलणं ठाण्यात पोचतं, अशी कुजबुज होती. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटायची.

एका सकाळी पोलिसांची गाडी मुकुंदला घेऊन गेली.

संध्याकाळी नानाजींनी आपली सुपारी कातरली. "देशाले शिस्त पाहिजेच होती," म्हणाले, आणि सवयीनं मला मुकुंदच्या जागेवर ठेवलं.

चंद्रभान हसला. "आता एकच पाळी राहिली, नानाजी."

नानाजींनी मला पुन्हा उचललं. "ही मुकुंदाची पाळी आहे. माह्या बापाची रीत मी मोडणार नाही."

आणि मुकुंदचं बोलणं, स्वतःला कधी न पटलेलं, ते जसंच्या तसं बोलले. आधी सरकारचं. मग जरा अडखळून, "यमुले तिचा नवरा तिले निवडू द्या." दाराआड यमुनं हुंदका दाबला. चंद्रभान उठून गेला.

आज सकाळी नानाजींनाही नेलं, सुपारी कातरतानाच. अर्धं खांड अजून माझ्या पात्यात अडकलंय. ओटा रिकामा आहे आणि समोरच्या खांबाशी चंद्रभान उभा आहे.

आतून यमु येऊन राहिली. भिऊ नको, पोरी. उचल मला. पाळी तुझी आहे.