डोगोन खांबांना पॉलिश

आखातातल्या द पर्ल या श्रीमंत वसाहतीतल्या अनंतरावांच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि नीलांबरीच्या नाकात पॉलिशचा भपकारा शिरला. गणपतीत पॉलिश? ती घाईने आत शिरली.

हॉलमध्ये ते दोन खांब उभे होते. मालीतल्या डोगोन लोकांच्या गावसभेच्या मांडवाचे, जुने, बायकांच्या आकृत्या कोरलेले. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून त्यांचे स्तन गुळगुळीत झालेले. डिझायनर म्हणून तिनेच ते अनंतरावांच्या गळी उतरवले होते आणि, "ऊनपाणी खाल्लेलं लाकूड आहे काका, त्याला काहीही लावू नका," असं बजावलं होतं. हे काम पसंत पडलं की समैस्मा या समुद्रकाठच्या गावातला त्यांचा अख्खा बंगला तिच्याकडे येणार होता.

आता खांब चकचकीत झाले होते आणि छात्या सपाट! करवतीने कापून, वर घासून सपाट! मधोमध बाप्पा, दोन्हीकडे झेंडूच्या माळा.

"कसं वाटतंय?" अनंतराव खुशीत होते. "सणासुदीला आपण फर्निचरला पॉलिश मारतोच की. आणि देवासमोर उघड्या बायका बऱ्या दिसतात का गं?"

शी! देवळाच्या भिंतीकडे या माणसाने जन्मात कधी मान वर करून पाहिलं नसावं. गाढवाला गुळाची चव काय! नीलांबरीला त्या चकाकीची किळस आली, आणि त्यांच्या खुशीची त्याहून जास्त. पण निदान कापलेलं परत बसवता येईल, एवढी एक आशा होती.

"काका, काढलेले तुकडे कुठे आहेत?"

उत्तर त्यांच्या बायकोने, ममताकाकूंनी दिलं. त्या धूपदान घेऊन पाहुण्यांमध्ये फिरत होत्या. "अगं, वाया कशाला घालवायचे? जुनं लाकूड, काय छान पेटतं! धूप त्यांच्यावरच घातलाय. घे ना."

पाहुणे तो धूर भक्तिभावाने ओंजळीने ओढून डोक्यावरून फिरवत होते. 

"हे सगळं डेकोरेशन हिचं बरं का!" अनंतरावांनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. "समैस्माचंही हीच करणार."

टाळ्या वाजल्या. नीलांबरीने काकूंच्या हातातून धूपदान घेतलं, तडक स्वयंपाकघरात जाऊन ते सिंकमध्ये पालथं घातलं आणि नळ सोडला. चर्र झालं. एक तुकडा अजून अर्धा शिल्लक होता.

अनंतराव मागोमाग आले. "बाप्पाचा धूप विझवतेस? अक्कल गहाण टाकलीस का? समैस्मा विसर आता. खलास!"

"विसरले, काका. पण हे मी केलं असं पुन्हा कुणाला सांगू नका. मला लाज वाटते."