खरबुजांना लागलेली नजर

माझी सनोबर मावशी कौतुक करताना मध्ये श्वास घेत नाही, त्यामुळे तिच्या बोलण्यात, नजर लागू नये म्हणून म्हणायच्या ‘माशाल्ला’ला जागाच उरत नाही. आमच्या फरगाना खोऱ्यात हा दखलपात्र गुन्हा आहे.

जुलैत ती माझ्या थोरल्या भावाच्या, ओलिमच्या, होणाऱ्या सासऱ्यांकडे गेली आणि त्यांची खरबुजं पाहून बांधावरूनच सुरू झाली. “काय ही पानं, काय हा तजेला, यांच्यापुढं मखमल म्हणजे गोणपाट!” आठवड्याभरात त्या पानांवर तपकिरी ठिपके उठले. सासऱ्यांनी, म्हणजे होलमुरोद आकांनी, नजर उतरवणारी इसिरिकची वाळकी झुडपं जाळून शेतभर धुरी फिरवली. ठिपके वाढले. मग ते आमच्या अंगणात आले आणि चहाला हात न लावता म्हणाले, “लग्न होईल. ती बाई लग्नात नको.”

त्या बाईनं आईच्या बरोबरीनं ओलिमला तान्हेपणापासून वाढवलंय. “मावशी नाही तर लग्न नाही,” म्हणत तो तुतीच्या झाडावर चढून बसला. वय अठ्ठावीस.

मी खरबूज संशोधन केंद्रात नोकरी करतो. म्हटलं, “आका, ही नजर नाही, ओझोन आहे. गाड्यांचा धूर उन्हात शिजला की तो तयार होतो. पानाच्या छिद्रांतून आत शिरतो. मग आत असा काही ऑक्सिजन सुटतो की दिसेल त्याला चावत सुटतो. पानाकडं त्याला आवरायला क जीवनसत्त्व वगैरे असतं. ते पुरेनासं झालं की पेशी मरतात. तोच ठिपका.”

“चावणारा ऑक्सिजन,” आका म्हणाले. “आणि अंधश्रद्धाळू मी.”

शेवटी प्रयोग ठरला. केंद्रात प्लास्टिकच्या भिंतींचे, बिनछपराचे दोन तंबू आहेत. एकात पंखा कोळशाच्या गाळणीतून हवा सोडतो, म्हणजे ओझोन बाहेरच राहतो. दुसऱ्यात रस्त्यावरची हवा जशीच्या तशी. दोन्हींत काचघरातले कोवळे वेल लावले. गाळलेल्या हवेत मावशीनं बसून कौतुक करायचं, ‘माशाल्ला’ न म्हणता. साध्या हवेत एक शब्द कौतुकाचा नाही, आणि पहाऱ्याला स्वतः आका. नुसतं गप्प बसणं त्यांना धोक्याचं वाटलं. खबरदारी म्हणून ते शिव्या देऊ लागले.

“भोपळ्या! तुझा बाप भोपळा, तुझी आत्या काकडी!”

शेजारच्या तंबूतून मावशी म्हणे, “ही वेल बघा. काय वळण आहे! कधी कुणाला उलटून बोलली नसेल.”

मोहल्ला भाकरी-चहा घेऊन ऐकायला येऊ लागला. पुढं पुढं मावशीचं कौतुक आटत गेलं. ती खुंट्यांवर आली. “आणि ही खुंटी! किती ठाम उभी आहे!”

निकाल लागला. मावशीची पानं हिरवीगार. आकांची ठिपकेदार.

आकांनी एकेक ठिपका मोजला. मग खचून म्हणाले, “म्हणजे माझीच जीभ वाईट. मी पोरीच्या लग्नात पाऊल टाकणार नाही.”

ओलिम तुतीवरून उतरत होता, तेवढ्यात निरोप आला: नवरी झुम्रद जर्दाळूवर चढली आहे. बाबा नाहीत तर लग्न नाही.

नवे वेल लावले. या वेळी दोघांची अदलाबदल केली. गाळलेल्या हवेत आकांनी मनापासून शिव्या घातल्या, तरी वेल तरारले. साध्या हवेत मावशीनं राहिलेलं सगळं कौतुक ओतलं, तरी ठिपके आलेच.

“म्हणजे...” आका पान उलटसुलट करत म्हणाले, “आम्ही बोलत होतो ते या वेली ऐकतच नव्हत्या?”

“नाही, आका.”

“एक शब्दही?”

त्यांना जरा लागलंच. पण त्याच संध्याकाळी टोपी नीट बसवून ते मावशीच्या दारात गेले. “सनोबर ओपा, चूक झाली. लग्नाला या. सगळ्यांच्या पुढं बसा.”

“येते,” मावशी म्हणाली. तिचा घसा बसला होता.

लग्नात झुम्रद बुरख्याआडून वाकून एकेका नातेवाइकाला सलाम करत आली. मावशीपुढं आली तसं अख्खं अंगण चिडीचूप झालं. कुणी पुलावाचा घास हातातच धरला. आमची आई ‘माशाल्ला’ तोंडात तयार ठेवून बसली होती. मावशीनं बुरखा उचलून मुलीकडं नीट पाहिलं.

“बरी आहे,” ती म्हणाली.

होलमुरोद आका ताडकन उठले. “बरी? खुंटीला ठाम म्हणालात! त्या बहिऱ्या वेलींपुढं मखमलीला गोणपाट म्हणालात! आणि माझी मुलगी नुसती बरी?”

“आका, तुम्हीच घाबराल म्हणून—”

“मी? करा! मी सांगतो, करा कौतुक!”

मावशीनं मोठा श्वास घेतला. पुलाव गार झाला, वाजंत्रीवाले बाजे खाली ठेवून बसले, झुम्रद हसू आवरता आवरता ओलिमच्या खांद्यावर कोसळली. मावशी अजून भुवयांपर्यंतच पोचली होती आणि आका अधूनमधून ओरडत होते, “आणि नाक? नाकाचं राहिलं!”