धारेच्या खडकावर

सौदामिनीनं मला आणि विशाखाला आवळीभोजनाला बोलावलं ते प्रेमानं नव्हे, हे मला टांग्यातून उतरतानाच कळलं. मळ्याच्या फाटकाशी उभं राहून तिनं आधी माझ्या हातातल्या पितळी डबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आणलास का देव? मला वाटलं, दोन दिवस त्यालाही सुट्टी देशील."

मी नुसती हसले. माझा नेम साधा आहे. सकाळी स्नान, डबीतल्या बाळकृष्णाची पूजा, विष्णुसहस्रनाम. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. मुक्कामाला गेले तर देव बरोबर. मी याबद्दल कुणापाशी बोलत नाही. बोलतात दुसरेच. सौदामिनीच्या सासूबाई, उमाबाई, रोज उठून सुनेला सांगायच्या, "त्या चंद्रप्रभेकडं बघ जरा." हे मला विशाखाकडून कळलं होतं. आम्ही तिघी नांदेडच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, एका बाकावर बसून उर्दू गिरवलेल्या. पण मैत्रिणीचं नाव रोज सासूच्या तोंडून ऐकावं लागलं, की त्या नावाला काटे फुटतात.

मळा गोदावरीच्या काठावर. कार्तिकात पाणी उतरलं होतं, तरी एका जागी काळ्या दगडांच्या चिंचोळ्या वाटेतून नदी धाडधाड खाली यायची. त्या जागेला धार म्हणत. धारेखाली लाटा उठायच्या, त्यांच्या पुढं मधोमध एक सपाट खडक, आणि त्याच्याही खाली वाळू, संथ पाणी.

सौदामिनीचे यजमान रेल्वेत. त्यांच्याबरोबर ती मछलीपट्टणला समुद्राकाठी राहून आली होती. तिथं कोळ्यांची पोरं फळीवर उभी राहून लाटेबरोबर काठाला येतात म्हणे. ती ते शिकून आली होती, आणि इथं पांगाऱ्याच्या हलक्या फळ्या मुद्दाम करवून घेतल्या होत्या.

"पोटावर निजायचं. पाण्यानं फळी उचलली की गुडघे टेकायचे, मग उठायचं. खडक आला की डावा गुडघा दाबायचा, फळी वळते. एवढंच."

ती जायची मात्र सुंदर. काष्टा घट्ट खोचलेला, हात पसरलेले, लाटेवर अशी उभी की बघत राहावं. खडकाला वळसा घालून त्याच्यामागच्या थिर पाण्यात अलगद शिरायची. विशाखा पडत राहिली, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत राहिली.

"भाकरीसारखी काय पसरलीस गं? उठ!" सौदामिनी हसत होती. मग माझ्याकडं वळून, "आणि ह्या बघा व्रतवाल्या बाई! काठावर बसून पुण्य मोजून राहिल्यात."

"मला नाही जमायचं," मी म्हणाले.

"तुला उपाशी राहायचं तेवढं जमतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवरून ओलेत्यानं परतले. पाटावर फुलं होती, तुळस होती. डबी उघडी होती आणि आत देव नव्हता.

सौदामिनी आवळ्याच्या झाडाखाली केस झटकत उभी होती. तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं.

"खडकावर ठेवलाय, खळगीत. ऊन खात बसलाय तुझा बाळकृष्ण. आण जा की. काल शिकवलंय ना?"

"अगं, ओवळ्या हातानं उचललास?" विशाखा घाबरून म्हणाली.

"तू गप."

मी रिकामी डबी मिटली. राग आला की माझा मुळातला बारीक आवाज पुरताच बसतो. सौदामिनीचा हिशेब मला दिसत होता: मी रडेन, हात जोडेन, मग ती उपकार केल्यासारखा देव आणून देईल, आणि सासूला दाखवील, ही बघा तुमची चंद्रप्रभा. पण त्यात ती एक गोष्ट विसरली, जी आमच्याकडच्या कुठल्याही सुनेनं विसरू नये.

उमाबाईंनी आवळ्याची पूजा केली, पानं मांडली. मी पानावर बसेना तेव्हा विशाखानं घडलेलं सांगितलं. उमाबाई ओरडल्या नाहीत. हातातलं वाढप खाली ठेवलं.

"बोलावलेली सवाष्ण उपाशी, आणि घरच्यांनी जेवायचं? माझ्या पंगतीत हे होणार न्हाई. झाका सगळं. ही जेवेल तेव्हा आपण. ही न्हाई जेवली तर अन्न गाईला जाईल."

सौदामिनीचा चेहरा पांढरा पडला. पुरणाचा वास सगळीकडं पसरला होता.

"जा. आण तो देव," सासूबाई म्हणाल्या.

ती फळीला हात घालायला वाकली.

"नको," मी म्हणाले. "तिचा हात पुन्हा लागायला नको. मी आणते."

"वाहून जाशील गं पोरी!"

"शिकायलाच तर बोलावलंय ना, काकू?"

तुळशीची डहाळी पदराच्या टोकाला बांधली, फळी उचलली आणि धारेच्या वरच्या अंगाला गेले. पहिल्या झटक्यालाच फळी एकीकडं, मी एकीकडं. पाण्यानं मला गोल फिरवून खालच्या वाळूवर नेऊन टाकलं. कोपर सोलून निघालं.

"काल बसलीस ना काठावर!" सौदामिनी ओरडली. "भोग आता!"

पुन्हा गेले. पुन्हा पडले. ओठ घट्ट मिटून, कारण पाण्याचा थेंब पोटात जाऊन चालणार नव्हतं. सौदामिनीला आता राहवेना. ती काठानं पळत शिव्या घालावी तशी शिकवू लागली, "गुडघे! आधी गुडघे टेक, म्हशी! पुढं सरक! दाब, डावा दाब!"

मी दाबला. उभी काही राहिले नाही, गुडघ्यांवरच होते. पण फळी वळली, खडक अंगावर येता येता बाजूनं निघून गेला आणि मी थिर पाण्यात आले.

खळगीत बाळकृष्ण रांगत होता. मी त्याला गोदावरीचं स्नान घातलं, तुळस वाहिली, मांडी घालून बसले आणि सहस्रनाम सुरू केलं.

घरी मी ते भराभर म्हणते. चुलीवर दूध असतं, दारात कुणी उभं असतं. त्या दिवशी कसलीच घाई नव्हती. एकेक नाव मी सुटं सुटं म्हटलं.

"चंद्रे, भूक लागलीय गं!" विशाखाची हाक आली. उमाबाई झाकलेल्या पानांशी हात जोडून बसल्या होत्या. ऊन चढत गेलं.

शेवटी सौदामिनी दुसरी फळी घेऊन आली. खडकावर चढून माझ्यासमोर उभी राहिली.

"बास कर आता. मुद्दाम करून राहिलीस तू."

नाव अर्धवट टाकता येत नाही. मी हातानंच तिला बसायची खूण केली. ती बसली. स्तोत्र चालू असताना उभं राहायचं नाही, हे वळण तिलाही होतंच. ओल्या लुगड्यात ती कुडकुडत होती.

"शाळेपासून अशीच आहेस," ती दातांतून म्हणाली. "आवाज न करता मारतेस."

मी फलश्रुतीसुद्धा सोडली नाही. घरी कधीकधी सोडते.

"तीर्थ घे."

तिनं माझ्याकडं न बघता हात पुढं केला. प्यायली. डोळ्यांना लावला.

"झालं समाधान?"

"परत कसं जायचं ते तू शिकवलं नाहीस."

तिनं काठाकडं बोट दाखवलं. "खडकाच्या खालच्या अंगानं फळी सोड," ती म्हणाली. "पाणी आपसूक वाळूवर नेतं. चल, माझ्या मागं ये."

"मागं नाही." देव पदरात घट्ट बांधून मी फळीवर पालथी झाले. "मी पुढं. तू फळी धर."

तिचे डोळे माझ्यावर असे रोखले होते की एखादीनं नजर खाली घेतली असती. पण तिनं फळी धरली. मी पडून वाहून गेले असते, तर तिचंही पान झाकलेलंच राहिलं असतं.