कपाटावरचा नारूचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. बोरीच्या अलीकडच्या एका खेड्यात, शाळेच्या कपाटावर गुंडाळून पडलोय आणि मनातून संतापलोय.

एकाहत्तर सालची गोष्ट. गावात नारू लय. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा आणि माणूस महिनाभर खाटेवर. दिनकरराव गुरुजींनी तोंडानं सांगून पाहिलं, कुणाच्या ध्यानात राहीना. मग त्यांनी मांजरपाटावर मला काढलं. गोलात चार चित्रं आणि मधे लाल बाण. पायऱ्यांच्या बारवेचं पाणी पिणारा माणूस, त्याच्या अंगात वाढणारा जंत, वर्षानं पायाला आलेला फोड, अन् तोच पाय पुन्हा बारवेत. अक्षरओळख नसलेले भगवानराव बाणावर बोट फिरवून म्हणाले, "आरं, आपलाच पाय आपल्या पाण्यात रोग सोडायलाय की!" मी किती खूश झालो म्हणून सांगू!

पण गुरुजींची बदली झाली. नवे हेडमास्तर माणिकराव म्हणाले, "तक्ता नंबरी हाय. पोरं हात लावून मळवतील. तपासणीला काढू." झालं! साहेब आले की मी भिंतीवर, साहेबांची जीप हलली की माझी गुंडाळी. शेरा मिळायचा, 'शैक्षणिक साहित्य उत्तम.' डोंबलाचं उत्तम!

एके दिवशी चौथीतल्या पंचफुलाच्या घोट्याला फोड आला. तिची आई सुलाबाई तिला न्यायला आली.

"गुरुजी, पायाची लय आग होयलीय. बारवेत पाय सोडून बसवते, गार वाटंल."

"बसवा की," माणिकराव म्हणाले.

अहो, मला खाली काढा, तिला दाखवा! पण कापडाला तोंड कुठलं? माझा नुसता जळफळाट झाला. सगळं गाव तेच पाणी पीत होतं.

वर्षानं पुन्हा तपासणी आली. मला टांगलं तेव्हा निम्मा वर्ग रिकामा होता. पंचफुलाचा धाकटा भाऊ मुंजाजीही खाटेवर होता. ती माझ्यासमोर आली. एकेका बाणावर बोट ठेवत गेली आणि बारवेतल्या पायापाशी थांबली.

"गुरुजी, मुंजाला माझ्या पायानं झालं का हो?"

"हात नको लावू गं! साहेब यायलेत," माणिकराव खेकसले.

मित्रांनो, पाया पडतो तुमच्या, आम्हाला जपू नका. मळलेला तक्ता धुता येतो. त्या पोरीला मी काय सांगू?