शेजारचा खळगा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही कळून-सवरून, संस्थाप्रमुखाच्या खुर्चीत बसून, पेपरवाल्यांना चहा पाजून. आणि ज्या बाईने तुम्हाला आधीच सावध केलं होतं, तिलाच हातात प्लेट देऊन फोटोला उभं केलंत.

ही बाई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. सगळे तिला प्लेटवाली म्हणत. प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची पाटी, तिच्यात शहाण्णव बारके खळगे. खळग्यांत जिवंत पेशी वाढवायच्या, तापाचा विषाणू सोडायचा, वर औषधाचा थेंब टाकायचा आणि दोन दिवसांनी मोजायचं, विषाणू किती उरला. बावीस वर्षं तिने हेच केलं. या खेपेला औषध होतं एका रानझुडपाच्या पानांचं तेल, वाफेवर काढलेलं. बाटलीचं बूच काढलं की नाकात झिणझिण्या येत.

मोजणी झाली. विषाणू शून्य. साहेबांनी टेबलावर थाप मारली, "जिंकलो!"

प्लेटवालीने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. विषाणू वाढणार कुठे? पेशीच मेल्या होत्या. आणि शेजारचा खळगा, ज्यात ना विषाणू होता ना तेल, नुसत्या धडधाकट पेशी ठेवल्या होत्या, तोही खलास. हे तेल उडतं. एकाच झाकणाखाली त्याची वाफ शेजाऱ्याच्या घरात शिरली होती.

"साहेब, ढेकूण मारायला आपण घरच पेटवलंय," ती म्हणाली. "बघा ना."

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"पण दहापट पातळ तेलात पेशी जगल्यात आणि विषाणू निम्म्यावर आलाय," ती म्हणाली. "त्यात दम आहे. प्रत्येक प्रमाणाला वेगळी प्लेट घेऊ, खळग्यांची तोंडं बंद करू. चार महिने द्या मला."

"बाई, चार महिन्यांत दुसरा कुणीतरी हात मारून जाईल. बाहेर तोंड उघडायचं नाही."

तिसऱ्या दिवशी पेपरात तिचा प्लेट घेतलेला फोटो छापून आला. वर मथळा, 'पानांच्या तेलापुढे विषाणूची शरणागती'.

दुपारी ताईचा, थोरल्या बहिणीचा फोन. "चिमणे, काय ऐटीत उभी आहेस गं! दाखवून दाखवून पेपर मळला माझा."

"पुरे गं, ताई," म्हणून ती हसली. बस, तेवढंच. एक वाक्य पुरलं असतं, ते तेल पोटात घेऊ नका. पण साहेबांची तंबी कानात होती, आणि खरं बोलायचं तर कौतुकही गोड लागत होतं. हा गुन्हा तिचा. तो ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधत नाही.

पंधरा दिवसांनी ताईला ताप भरला. भाऊजींनी प्लेटवालीला विचारलं नाही. कशाला विचारतील? मेहुणीचंच तर औषध! बातमी आल्यापासून ते तेल दुकानादुकानात मिळू लागलं होतं; तिथूनच बाटली आणली आणि दिवसातून तीनदा चमचा चमचा सुरू केलं. पाचव्या दिवशी ताई माणसं ओळखेना, तेव्हा बोलावणं आलं. प्लेटवाली दारातच थबकली. घरात तिच्या प्रयोगशाळेचा वास येत होता. ताईचे डोळे पिवळेधमक झाले होते.

"भाऊजी, काय पाजलंत हे?"

"तुझंच की," भाऊजी बावरले. "डॉक्टरांच्या गोळ्या थांबवल्या. म्हटलं दोन्ही एकदम नकोत. अगं, पेपरात तूच होतीस ना?"

हॉस्पिटलात सांगितलं, यकृत निकामी झालंय. आठवडाभरात ताई गेली.

प्लेटवाली कामावर परतली त्याच दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तेल पिऊन आणखीही माणसं हॉस्पिटलात पोचली होती. सोमवारी चौकशी समिती येणार होती. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"तुमच्या वहीत त्या शेजारच्या खळग्याची नोंद आहे. तुमचा हात हलला, थेंब चुकून तिकडे पडला, असं लिहून द्या. होतं माणसाकडून. तुमचं दुःख मला कळतं, बाई. पण तेल प्या म्हणून लोकांना कुणी सांगितलं होतं?"

"माझा हात हलला असता तर एक खळगा मेला असता," ती म्हणाली. "त्या प्लेटमध्ये तेलाच्या खळग्याच्या चारी बाजूंचे मेले होते."

"सही करा. विषय संपेल."

तिने कागदाची चौपदरी घडी केली आणि साहेबांच्या चहाच्या कपाखाली सरकवली. खुर्ची ओढून बसली. बावीस वर्षांत या केबिनमध्ये ती पहिल्यांदाच बसत होती.

"तेलात काहीतरी होतं, साहेब. नीट काम केलं असतं तर कदाचित औषधही निघालं असतं. आता त्या झुडपाचं नाव काढलं तरी लोक थुंकतील. ते राहू द्या. माझी बहीण का गेली, हे समितीला मी सांगेन, माझ्या चुकीसकट. मला तुमच्याकडून एकच ऐकायचंय. मेलेल्या पेशी स्वतःच्या डोळ्यांनी बघून तुम्ही खाली पेपरवाल्यांकडे गेलात. जिना उतरताना तुमच्या मनात काय होतं? खिडकीबाहेर काय बघताय? मी विचारतेय. बोला."