पारूबाईंची सोय

"मावशी, तिला म्हणावं, यायचं तर ये. पण माय माझ्याजवळच राहील," राजेंद्र म्हणाला आणि कंपनीच्या गेटातून आत गेला.

केसरबाई चितेगावच्या रस्त्यावर उन्हात तशाच उभ्या राहिल्या. दवाखान्यातली आयाची पाळी संपवून त्या थेट इथं आल्या होत्या. "नवरा-बायको दोघंही तुमचं ऐकतात, बाई, तुम्हीच समजूत घाला," असं चर्चच्या पाळकसाहेबांनी म्हटल्यापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हती.

गावची विहीर आटली, शेळ्या विकल्या, म्हणून राजेंद्रनं आई पारूबाईंना शहरात आणलं. एकच खोली, नळाला आठवड्यानं पाणी. महिन्याभरात त्याची बायको रत्नमाला गुलमंडीजवळ माहेरी निघून गेली.

संध्याकाळी केसरबाई तिच्याकडे गेल्या.

"सासू नको, असं मी कधी म्हणलं का?" रत्नमाला म्हणाली. "पण एका शब्दानं इचारलं नाय त्यानं. अंग धुवायला आडोसा नाय तिथं. तुमचं बरंय, मावशी. दोघंच घरात. भांडण नाय, तंटा नाय."

केसरबाईंचा लेक मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा, "तुम्हीच गाडी घेऊन दिली," असं त्या नवऱ्याला एकदाच बोलल्या होत्या. धोंडिबा त्यानंतर घरात हो-नाहीपलीकडे बोलले नव्हते.

"पारूबाईंला मी नेते माझ्याकडं," त्या एकाएकी म्हणाल्या. "पोराची खोली रिकामीच हाय. तू घरी जाय."

राजेंद्र अडून बसला. "लोक काय म्हणतील, मावशी?"

"लोक काय पाणी आणून देतेत का?" म्हणत पारूबाईंनीच बोचकं बांधलं. "दोन खोल्यांचं घर बघा, मंग न्या मला."

रविवारी उपासनेला राजेंद्र आणि रत्नमाला एकाच बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. केसरबाईंचं प्रार्थनेत लक्ष लागेना. त्या सारख्या मागं वळून बघत राहिल्या.

घरी येऊन त्या भाकरी थापायला बसल्या. अंगणात पारूबाई विचारत होत्या, "तुमच्याकडं व्हत्या का शेळ्या, दादा?"

"व्हत्या की. एक तर लई द्वाड. आमचं पोरगं दिवसभर तिच्यामागं पळायचं. एक डाव तर..."

धोंडिबा बोलत होते. मध्येच हसलेसुद्धा.

केसरबाईंचा हात परातीतच थांबला. थापायला लागलं तर पुढचं ऐकू आलं नसतं. तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी त्या हलल्या नाहीत.